शून्य बाइटचा बॅकअप

उदगीर किंवा जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाने ग्रंथालयासाठी ‘कोहा’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर बसवले, की परवान्याचा खर्च वाचतो आणि पुस्तकांची, वाचकांची, देवघेवीची सारी नोंद ‘मारियाडीबी’ किंवा ‘मायएसक्यूएल’ या डेटाबेसमध्ये जाते. देवघेव चालू असताना वीज गेली आणि यूपीएसनेही दगा दिला, तरी ही नोंद सहसा बिघडत नाही. कारण आतले ‘इनोडीबी’ इंजिन प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीसारख्या फाइलमध्ये, लिहिते आणि वीज आल्यावर तो लॉग वाचून अर्धवट राहिलेले व्यवहार स्वतःच निस्तरते. इतक्या भक्कम इंजिनाला बॅकअपची साधने मात्र फार अबोल मिळाली आहेत.

‘मायएसक्यूएलडंप’ हे त्यातले सर्वांच्या सवयीचे साधन. ते डेटाबेसमधील मजकूर एसक्यूएल आज्ञांच्या रूपात बाहेर टाकते आणि आपण ‘>’ या चिन्हाने तो फाइलमध्ये वळवतो. गोम अशी, की ही फाइल ते साधन उघडतच नाही. ती लिनक्सचे शेल, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, उघडते, आणि तेही आज्ञा सुरू होण्याआधी, जुना मजकूर पुसून. त्यामुळे पासवर्ड बदलल्याने साधनाला प्रवेश मिळाला नाही, तरी फोल्डरमध्ये आजच्या तारखेची, शून्य बाइटची फाइल दिसते. नाव रोज तेच असेल, तर कालचा चांगला बॅकअपही गेलेला असतो. मजकूर जीझिप या फाइल लहान करणाऱ्या साधनातून दाबून ठेवत असाल, तर पंचाईत आणखी वाढते. शेल एरवी साखळीतील शेवटच्या आज्ञेचाच निकाल धरते, आणि जीझिपने तर रिकामा मजकूरसुद्धा यशस्वीपणे दाबलेला असतो.

साधन नीट चालले, तरी सगळे येतेच असे नाही. टेबले आणि ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञा) येतात, पण स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेल्या आज्ञावली) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी चालणाऱ्या आज्ञा) मुद्दाम मागावे लागतात. ‘पोस्टग्रेस’ या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीमध्ये ‘पीजी डंप’ हे तसेच बॅकअपचे साधन एकाच डेटाबेसपुरते चालते, म्हणून वापरकर्त्यांची खाती वेगळ्या आज्ञेने घ्यावी लागतात. हे सारे माहितीपुस्तिकेत लिहिलेले आहे, हे मान्य. पण जे वगळले त्याची एक ओळ पडद्यावर दाखवायला काय हरकत होती?

हा प्रश्न केवळ लहान गावांचा नाही. 31 जानेवारी 2017 रोजी प्रोग्रामरांचे कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या ‘गिटलॅब’ कंपनीत मुख्य डेटाबेसचा फोल्डर चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअप शोधताना कळले, की 9.6 आवृत्तीच्या पोस्टग्रेससाठी जुन्या 9.2 आवृत्तीचा पीजी डंप चालवला जात होता, तो प्रत्येक वेळी नापास होत होता आणि त्याची सूचना देणारे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. सुमारे सहा तास जुन्या स्नॅपशॉटवर, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रतीवर, भागवावे लागले.

‘डेबियन’ या लिनक्स प्रकारासाठीच्या कोहाच्या पॅकेजमध्ये रोजचा बॅकअप आपोआप होतो, ही सोय खरोखर चांगली. मात्र तो त्याच यंत्राच्या डिस्कवर जातो आणि मूळ मांडणीत दोनच दिवसांच्या प्रती राखल्या जातात. शनिवारी चुकून पुसलेली नोंद बुधवारी लक्षात आली, तर ती असलेली प्रत उरलेली नसते. म्हणून प्रती दुसऱ्या डिस्कवर, तारखेच्या नावाने ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा त्यातली एक जुन्या संगणकावर उतरवून पाहावी. पुस्तकांची संख्या जुळली, तरी दोन-चार मराठी शीर्षके उघडावीत. अक्षरसंचाची मांडणी चुकली असेल, तर नोंदी सगळ्या असतात आणि शीर्षकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे असतात.