पोर्टेबल पॉवर स्टेशन (निवड व वापर)

लिथियम बॅटरी, तिच्यावर लक्ष ठेवणारे बीएमएस सर्किट, चार्जर आणि २३० व्होल्टचा इन्व्हर्टर एकाच हँडलच्या डब्यात बसवलेले उपकरण. पुण्यात ते दोन ठिकाणी कामी येते : गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते तेव्हा घरी, आणि शनिवार-रविवारी पवना, पानशेत किंवा मुळशी धरणाच्या काठी तंबूत. एकच डबा दोन्हीकडे चालवायच्या हट्टात निवड फसते. घरासाठी घेतलेला गाडीतून उतरवताना कंबर धरते. कॅम्पसाठी घेतलेला दुपारी दोनला मान टाकतो.

क्षमता वॅट-तासांत पाहावी. खोक्यावर ‘१,००,००० एमएएच’ असे ठसठशीत छापलेले असले तरी तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे अवघे ३७० वॅट-तास. त्यातलेही एसी सॉकेटवर साधारण ८५ टक्केच मिळतात, उरलेले इन्व्हर्टर खातो.

गुरुवारचा हिशेब असा. राउटर १० वॅट, लॅपटॉप ५०, एलईडी दिवा १०, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० : एकूण १००. सहा तासांचे ६०० वॅट-तास, ०.८५ ने भागले की सुमारे ७००. पंखा जुना ७५ वॅटचा असेल तर हाच हिशेब हजारापलीकडे जातो. तेव्हा मोठा डबा घेण्याआधी पंखा बदलणे स्वस्त पडते. पवनेच्या एका रात्रीला मात्र दोन दिवे, चार मोबाईल आणि एक छोटा पंखा मिळून २०० वॅट-तास पुरे होतात. तिथे ३०० चा, तीन-चार किलोचा डबा घ्यावा.

फ्रिजसाठी स्टार लेबल वाचावे. वर्षाला २२० युनिट लिहिले असतील तर दिवसाला ६०० वॅट-तास, सहा तासांना १५०. वापर एवढाच असला तरी साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो. ३०० वॅटचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. हजार वॅटचा, प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, असावा. दार बंद ठेवले तर फ्रिज चारेक तास तसाही गार राहतो, हे खरेदीच्या उत्साहात विसरले जाते. गिझर आणि इंडक्शन यांचा विचारच सोडावा. व्होल्टेज उतरवून मोठी उपकरणे चालवणारी ‘बूस्ट’ सोय तापणाऱ्या वस्तूंपुरती आहे. मिक्सर किंवा फ्रिज तिच्यावर लावू नये.

हमखास येणारी तक्रार राउटरची. रात्री डबा चालू ठेवून झोपावे, तर पहाटे इंटरनेट बंद आणि बॅटरी मात्र भरलेली. लोड फार कमी दिसला की वीज वाचवणारा इको मोड एसी सॉकेट बंद करतो. इको मोड काढला तर इन्व्हर्टर स्वतःच १०-२० वॅट जाळतो, राउटरपेक्षाही जास्त. १२ व्होल्टचा राउटर डब्याच्या डीसी पोर्टला योग्य पिनच्या केबलने जोडला की दोन्ही भानगडी मिटतात. मात्र पोर्टचे व्होल्टेज आणि पिनची प्लस-मायनस बाजू आधी ताडून पाहावी.

सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचेच, म्हणजे एलएफपी, घ्यावेत. वजन थोडे जास्त, पण चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या दोन-तीन हजारांवर जातात आणि तापल्यावर पेट घेण्याचा धोका एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या, सेलपेक्षा कमी. तरी एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या गाडीत डबा ठेवू नये.

चार्जिंगबाबत फार आशावादी राहू नये. गाडीचे १२ व्होल्ट सॉकेट जेमतेम १०० वॅट देते. पवनेला पोचेपर्यंत दोन तासांत २०० वॅट-तास. शंभर वॅटच्या सोलर पॅनेलमधून स्वच्छ उन्हात ६०-७५ मिळतात, पावसाळ्यात जवळपास काहीच नाही. पॅनेल मालिकेत जोडताना ओपन-सर्किट व्होल्टेजची (काही न जोडता पॅनेल देते त्या व्होल्टेजची) बेरीज डब्याच्या इनपुट मर्यादेखाली राहिली पाहिजे, नाहीतर चार्जर जळतो. घरी फास्ट चार्जिंग हजार वॅटपलीकडे जात असेल तर १६ अँपिअरचे सॉकेट वापरावे. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड वितळतो.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून डब्याची वीज भिंतीच्या सॉकेटमधून घरात सोडणे जीवघेणे आहे. मेन स्विच चालू राहिला तर ती उलट लाईनवर जाते आणि खांबावर काम करणारा वायरमन तिच्या तडाख्यात सापडतो. लाईट परत आली की डबाही जळतो.

डबा घराबाहेर न्यायचाच नसेल तर तो घेऊ नये. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते आणि तेवढ्याच क्षमतेला बरीच स्वस्त पडते. पन्नासेक किलो वजन आणि अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर एवढाच तिचा जाच.

पावसाळ्यात डबा महिनोन् महिने माळ्यावर पडणार असेल तर ५०-६० टक्के चार्ज करून, बटण पूर्ण बंद करून ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी टक्केवारी पाहावी. शून्यावर पडून राहिलेली बॅटरी बीएमएस पुन्हा चार्जच होऊ देत नाही.