हवाई मैल बोनसांची आंतरदेशीय तुलना

हवाई मैल बोनसांची आंतरदेशीय तुलना : नवे क्रेडिट कार्ड घेतल्यावर ग्राहकाच्या खात्यात एकरकमी जमा होणाऱ्या मैलांना बोनस (बोलीभाषेत ‘वेलकम बोनस’) म्हणतात. निरनिराळ्या देशांतील असे बोनस एका मापाने तोलण्याचा हा प्रघात. यातील ‘मैल’ हे आता अंतराचे माप उरलेले नाही. त्याचे मोल विमान कंपनी ठरवते आणि बदलतेही.

नियमित प्रवाशांना मैल देण्याची पद्धत कोणी सुरू केली, याविषयी मतभेद आहेत. टेक्सस इंटरनॅशनल या अमेरिकी कंपनीने सु. 1979 मध्ये प्रवासाच्या मैलांवर बक्षिसे दिली, असे एक मत. वेस्टर्न एअरलाइन्सची 1980 च्या सुमाराची योजनाही काहीजण आद्य मानतात. अमेरिकन एअरलाइन्सची ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना 1 मे 1981 रोजी सुरू झाली व युनायटेडची त्यानंतर काही दिवसांतच. केवळ कालक्रम पाहिल्यास पहिले मत स्वीकारावे लागते. तथापि प्रत्येक प्रवाशाच्या मैलांचे संगणकीय खाते ठेवण्याची आजची रीत 1981 पासून रूढ झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मैलांची सांगड कार्डाशी पडली ती 1987 मध्ये, सिटीबँक व अमेरिकन यांच्या संयुक्त कार्डामुळे.

बोनसांतील तफावतीचे मुख्य कारण इंटरचेंज शुल्क, म्हणजे दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेला मिळणारा वाटा. युरोपीय संघाने 2015 च्या नियमाने क्रेडिट कार्डावरील हा वाटा 0.3 टक्क्यावर रोखला, तेव्हा बोनसाला पैसा पुरवणारा झराच आटला. अमेरिकेच्या 2010 च्या कायद्याने फक्त डेबिट कार्डाला मर्यादा घातली; क्रेडिट कार्डावरील वाटा मोकळाच राहिला. ऑस्ट्रेलियात मात्र 2003 पासून मर्यादा असूनही बोनसाचे आकडे मोठे दिसतात. म्हणून इंटरचेंज शुल्क हे एकमेव कारण मानता येत नाही. तेथील जबर वार्षिक शुल्कही हिशेबात धरावे लागते. भारतात क्रेडिट कार्डावर तशी मर्यादा नाही, पण बोनस बहुधा प्रवेश शुल्काची भरपाई असतो.

तुलना मैलांच्या संख्येवर न करता एका मैलाच्या किमतीवर करावी. समजा, तिकीट 9,000 रुपयांचे असून मैल वापरूनही 1,000 रुपये कर भरावाच लागतो. त्यासाठी 10,000 मैल लागले, तर मैलाचे मोल 80 पैसे.

पुण्यात हा विषय हिंजवडी–खराडीच्या, ‘ऑनसाइट’ (कंपनीच्या कामासाठी परदेशात) राहून आलेल्या नोकरदारांमुळे विशेष जिव्हाळ्याचा आहे. परदेशातील पतइतिहास येथे सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेत) येत नाही; विमान कंपनीच्या खात्यात जमा झालेले मैल मात्र कार्ड बंद केल्यावरही सहसा टिकतात, बँकेचे पॉइंट (बँकेच्या स्वतःच्या योजनेतील गुण) टिकतीलच असे नाही. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या संघात, युनायटेडसोबत, असल्याने युनायटेडचे मैल लोहगाव (पुणे विमानतळ)–दिल्ली प्रवासालाही वापरता येतात. लोहगावहून थेट परदेशी उड्डाणे मोजकीच असल्याने युरोप–अमेरिकेच्या तिकिटाचा हिशेब करताना मुंबई विमानतळापर्यंतच्या टॅक्सीचे भाडेही त्यात मिळवावे लागते.