परदेशी खाऊ (सातारा व सांगली जिल्हे)

परदेश प्रवासाहून परतताना तिथला टिकाऊ खाद्यपदार्थ घरी आणणे आणि तो नातलग, भावकी, शेजारी यांच्यात वाटणे, अशी रूढी. चॉकलेट, बिस्किटे, खजूर, सुकामेवा हे नेहमीचे पदार्थ सर्वांच्या परिचयाचे आहेत.

रूढीचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. एक तीर्थयात्रेत. काशीहून आलेला यात्रेकरू गंगापूजन करून मावंदे (यात्रेच्या सांगतेचे जेवण) घालतो, गंगाजल व प्रसाद घरोघर देतो. मिरजेसारख्या गावात हजहून परतलेले झमझमचे पाणी आणि मदिनेकडचा अजवा खजूर वाटतात. दोन्हीकडे वाटपाची रीत एकच : वाट्याला चिमूटभर आले तरी चालेल, पण कोणी वगळला जाऊ नये. दुसरे मूळ पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्यांच्या खाऊत दिसते. सातारा जिल्ह्यातून फौजेत गेलेले शिपाई किंवा खानापूर-आटपाडी भागातून देशभर पसरलेले सोने-चांदीचे गलाई (धातू गाळून शुद्ध करण्याचे काम करणारे) व्यावसायिक सुट्टीवर, जत्रेला गावी येत, ते रिकाम्या हाताने येत नसत. परदेशातून आलेला डबा आधी देवापुढे ठेवून मगच फोडण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. ती पाहता पहिल्या मूळाकडे झुकते माप द्यावेसे वाटते. नोकरदारांच्या खाऊने या रूढीला विस्तार दिला असावा.

समुद्रगमनाचा निषेध हा यातील अडसर होता. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पतन घडवणाऱ्या कृत्यांत केली आहे, आणि पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात वर्ज्य मानलेल्या गोष्टींच्या, यादीत समुद्रयात्रा केलेल्या द्विजाचा स्वीकारही निषिद्ध ठरवला गेला. निषेधाचा खरा रोख प्रवासापेक्षा परक्याच्या हातच्या अन्नावर होता, असा अर्थ काही जण लावतात. तो पटण्याजोगा आहे. तरीही माणसे गेलीच. १८३९ मध्ये पदच्युत झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिले. पुढच्या काळात परत आलेल्याला प्रायश्चित्त देऊन पंक्तीत घ्यावे की नाही, यावर महाराष्ट्रात बरेच वाद झाले.

माणसाला अडवणाऱ्या या नियमांनी जिन्नस मात्र फारसा अडवला नाही. सोवळ्या-ओवळ्याच्या हिशेबात पाण्यात शिजवलेले अन्न लवकर विटाळते. कोरडा मेवा आणि फळे यांना सूट असते. त्यामुळे इराण, अफगाणिस्तान, अरबस्तान इकडून आलेले बदाम, पिस्ते, खजूर कोणी नाकारले नाहीत. खारीक तर थेट सुवासिनीच्या ओटीत गेली. इथे एक तांत्रिक अडचण आहे. ओमानमध्ये ‘मबसली’ जातीची फळे पूर्ण पिकण्याआधी, पिवळी असतानाच उतरवून मोठ्या हंड्यांत पाण्यात उकळतात आणि मग उन्हात वाळवतात. या क्रियेला तिकडे ‘तबसील’ म्हणतात. हा माल मुख्यतः भारतासाठीच तयार होत असे. म्हणजे या प्रकारची खारीक हे शास्त्राच्या काटेकोर मापाने परमुलखात, परक्या हातांनी पाण्यात शिजवलेले अन्न ठरते, आणि तीच हळकुंड-सुपारीबरोबर ओटीत बसते. झाडावर वाळलेल्या खजुरापासूनही खारीक होते, असे म्हणून ही अडचण टाळता येईल. पण ओटी भरताना कोणी तशी निवड करीत नाही. रूढीने शास्त्राकडे सरळ काणाडोळा केला, हेच खरे.

आजच्या स्वरूपातला परदेशी खाऊ साधारणतः १९७० च्या दशकानंतरचा, आखाती नोकऱ्यांबरोबर वाढलेला दिसतो. पुढे उच्चशिक्षण आणि संगणक क्षेत्रातील नोकऱ्यांमुळे त्यात अमेरिका-युरोपची भर पडली. १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठल्यानंतर यातील बरेच पदार्थ सांगलीच्या दुकानांतही मिळू लागले. अपूर्वाई ओसरली, वाटणे थांबले नाही. तासगावला बेदाण्याची मोठी बाजारपेठ आहे; तिथे परदेशी बेदाणा नेऊन कोणाला फारसे कौतुक वाटणार नाही. उलट दिशेने कंदी पेढे, भडंग आणि हळद जाते, तो स्वतंत्र नोंदीचा विषय होय.

सांगली भागात दिगंबर जैन समाज मोठा असल्याने डब्यावरचा मजकूर येथे बारकाईने वाचला जातो. भारतीय वेष्टनावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका परदेशी वेष्टनावर नसतो. जेलीच्या गोळ्यांतील जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून काढलेले असते. ते जैनांना वर्ज्य, आणि डुकराचे असेल तर मुसलमानांनाही. घटकांच्या यादीत क्रमांकाने दिलेला ‘ई १२०’ हा लाल रंग किड्यांपासून मिळतो. ‘ई ४७१’ हा तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक वनस्पतीजन्य असू शकतो किंवा प्राणिजन्यही, आणि नुसत्या क्रमांकावरून ते कळत नाही. काही चॉकलेटांत मद्य भरलेले असते, ते बहुधा पहिला तुकडा तोंडात गेल्यावरच लक्षात येते.

कोकोचे लोणी ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. मे महिन्यात मुंबईहून सांगलीपर्यंत आलेले चॉकलेट वाटेत मऊ होऊन पुन्हा घट्ट होते आणि त्यावर पांढरट थर चढतो. ही बुरशी नव्हे. स्निग्धांश वर येऊन पुन्हा गोठल्याने तसे दिसते. चव उतरते, पण खाण्यास धोका नसतो.

मांस, दुग्धजन्य पदार्थ, बियाणे आणि कलमे आणण्यावर कायद्याने निर्बंध आहेत. बियाणे व रोपे २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाखाली येतात. चीनमधील दूध व दुग्धजन्य पदार्थांच्या आयातीवर २००८ पासून बंदी असून तीत दूध घातलेली चॉकलेटेही मोडतात.