सामग्योपसाल टेबलावरच का भाजतात?

कोरियात सामग्योपसाल मागवलं की ताटात आधी कच्चं मांस येतं. डुकराच्या पोटाकडच्या मांसाच्या जाडसर पट्ट्या, त्यात लाल मांस आणि पांढऱ्या चरबीचे एकाआड एक थर. मसाला नाही, मुरवलेलं नाही. टेबलाच्या मधोमध शेगडी, वर धूर ओढणारी नळी, आणि हाताशी चिमटा नि कात्री. चारचौघांनी मिळून भाजत खाण्यात मजा आहेच. पण या मांसाला स्वयंपाकघरापेक्षा टेबलच जास्त मानवतं, असं माझं ठाम मत आहे आणि त्याची कारणं रसायनशास्त्रात आहेत.

पट्टी तव्यावर पडताच जो चुर्र आवाज येतो, तो पाण्याची वाफ होण्याचा. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसं वर जात नाही आणि मांस फिकटच राहतं. पाणी उडालं, तापमान 140 अंशांच्या पुढे गेलं, की अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली अभिक्रिया वेग घेते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी 1912 साली तिचं वर्णन केलं. भाजल्या मांसाचा सोनेरी-तपकिरी रंग आणि खमंग वास मुख्यतः तिच्यामुळे येतो. बुलगोगी या मुरवून भाजलेल्या कोरियन मांसाच्या मुरवणात सोया सॉस आणि साखर असते, त्यामुळे ते मांस चटकन करपतं. कोऱ्या सामग्योपसालला जास्त आच सोसते.

दरम्यान चरबी वितळत असते. डुकराची चरबी साधारण 30 ते 40 अंशांच्या दरम्यान पातळ होते. ती मांस आणि तवा यांच्यामधल्या बारीक फटी भरून काढते, उष्णता सगळीकडे सारखी पोचते आणि पट्टी स्वतःच्याच चरबीत तळली जाते. तवा बहुधा तिरपा असतो. ओघळून आलेल्या चरबीत खालच्या कडेला किमची (आंबवलेला कोबी) आणि मोड आलेली कडधान्यं परततात, लसणाच्या चकत्याही टाकतात. कच्च्या लसणाचा झणका एका विकरामुळे (एन्झाइममुळे) तयार होतो. आचेने ते विकर निकामी होतं आणि लसूण गोडसर लागतो.

आता टेबलाचा मुद्दा. कुरकुरीत झालेला पृष्ठभाग फार वेळ तसा टिकत नाही, कारण आतली वाफ बाहेर येऊन त्याला पुन्हा मऊ करते. वासाची संयुगं उडून जात असतात. आणि मांस निवत गेलं की चरबी घट्ट होऊन टाळूला चिकटते. हे सगळं काही मिनिटांत घडतं. तव्यावरून थेट तोंडात जाणाऱ्या घासाची सर ताटात वाढून आणलेल्या मांसाला येत नाही, ती यामुळे.

या जेवणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र पुढे आहे. कात्रीने कापलेला तुकडा लेट्यूसच्या किंवा पेरिला या सुवासिक वनस्पतीच्या पानावर ठेवायचा, त्यावर साम्जांगचा ठिपका, लसूण, आणि पुडी करून एका घासात खायची. साम्जांगमध्ये आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट असते. आंबताना सूक्ष्मजीव प्रथिनं तोडतात आणि ग्लुटामेट हा त्यांचा एक चवदार घटक मोकळा होतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली कोम्बू या समुद्री शेवाळातून हेच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या मांसल, रुचकर चवीला ‘उमामी’ म्हटलं. मांसात असतं इनोसिनेट, हेही उमामी चवीचंच एक संयुग. ही दोन्ही एकत्र आली की उमामी नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते. जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या ग्राहक-रेणूत ग्लुटामेट बसलं की तो शिंपल्यासारखा मिटतो. इनोसिनेट त्याच्या शेजारी बसून त्याला मिटलेलाच ठेवतं. अर्थात त्यासाठी दोघं एकाच वेळी जिभेवर हवीत. पुडी दोन घासांत खाल्ली तर एका घासात नुसतं पान आणि दुसऱ्यात नुसतं मांस येण्याची शक्यता जास्त.

धुराकडे मात्र दुर्लक्ष करू नये. चरबी थेट निखाऱ्यांवर टपकली की धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगं तयार होतात आणि ती मांसावर बसतात. चरबी वाहून नेणारा तिरपा तवा इथे उपयोगी पडतो. पट्ट्या वारंवार उलटाव्यात, काळा करपलेला भाग कात्रीने काढून टाकावा. कच्च्या मांसाचा चिमटा आणि खायच्या चॉपस्टिक्स वेगळ्या ठेवाव्यात, आणि डुकराचं मांस आतपर्यंत नीट शिजल्याशिवाय पानात घेऊ नये.