कोपराचा मुका मार

कोपरावर बोथट आघात होऊन त्वचा न फाटता आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटणे आणि आजूबाजूला रक्त साकळणे, याला कोपराचा मुका मार म्हणतात. बाहेर जखम नाही, रक्त वाहत नाही, म्हणून मार ‘मुका’.

‘कोपर’ हा शब्द संस्कृत ‘कूर्पर’वरून प्राकृत ‘कुप्पर–कोप्पर’ या रूपांतून आला असावा. अमरकोशात त्याला ‘कफोणि’ असाही पर्याय आहे. सुश्रुतसंहितेत सांगितलेल्या १०७ मर्मांत, म्हणजे इजा झाल्यास घातक ठरणाऱ्या शरीराच्या नाजूक जागांत, कूर्पर येते. त्याची गणना संधिमर्मांत (सांध्याच्या जागी असलेल्या मर्मांत) व परिणामाच्या दृष्टीने वैकल्यकर (अपंगत्व आणणाऱ्या) मर्मांत केली असून, तेथे इजा झाल्यास हात ‘कुणि’ म्हणजे आखडून निकामी होतो, असे म्हटले आहे. या ग्रंथाचा काळ इ. स. पू. सहाव्या शतकापासून इसवी सनाच्या चौथ्या शतकापर्यंत निरनिराळा मानतात. आज मिळणारा पाठ नंतरच्या संस्काराचा असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कूर्परमर्म म्हणजे एखादी शीर किंवा तंत्रिका (मज्जातंतू) नव्हे, तर अख्खा सांधा असे मानणे वर्गीकरणाशी जुळते. कोपर आखडण्याचा धोका मात्र आजही तितकाच खरा आहे.

कोपराच्या टोकावर मांसाचे आवरण जवळजवळ नसते. त्वचेखाली द्रवाची एक पातळ पिशवी (श्लेषपुटी) व लगेच हाड. मार लागून ही पिशवी भरली की टोकावर लिंबाएवढा मऊ फुगवटा येतो. आतल्या बाजूच्या खोबणीतून जाणाऱ्या तंत्रिकेला ठोसा बसल्यास करंगळीत व अनामिकेच्या अर्ध्या भागात झिणझिण्या येतात. त्या काही मिनिटांत ओसरतात. दुसऱ्या दिवशीही राहिल्या तर तपासणी हवी.

मुंबईत याची निमित्ते रोजची आहेत: बेस्टच्या बसचा अचानक ब्रेक, कबड्डीची पकड, मल्लखांबावरून सुटलेला हात, दहीहंडीचा कोसळलेला थर. दादरला उतरणाऱ्या लोंढ्यात लोकलच्या दारातल्या खांबावर कोपर आपटते, कळ मनगटापर्यंत जाते, हातातली पिशवी सुटते. सूज दिसते ती घरी पोचल्यावर. काळानिळा डाग पुढे हिरवट, मग पिवळा होतो, कारण साकळलेल्या रक्तातील हीमोग्लोबिनाचे विघटन होत असते. दोनेक आठवड्यांत तो जातो. रक्त खाली उतरत असल्याने मार कोपराला आणि डाग मनगटाजवळ, असेही दिसते. त्याने घाबरू नये.

हाड मोडले आहे काय, याचा अंदाज घेण्याची सोपी रीत म्हणजे हात पूर्ण सरळ होतो का ते पाहणे. इंग्लंडमधील १,७४० रुग्णांच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हात सरळ न होणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचे हाड मोडलेले निघाले. सरळ होणाऱ्यांत हे प्रमाण फारच थोडे होते, पण शून्य नव्हते.

पहिले दोन दिवस हाताला विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी १० ते १५ मिनिटे आणि उशीवर उंच ठेवलेला हात एवढे पुरते. बर्फाविषयी मतभेद आहेत. विश्रांती, बर्फ, दाब व उंची हे सूत्र १९७८ मध्ये रूढ करणारे अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनीच पुढे, बर्फाने भरून येण्याची क्रिया मंदावू शकते, असे मत मांडले. वेदना कमी करण्यापुरता, थोडा वेळ बर्फ वापरण्यास हरकत दिसत नाही. शेक पहिल्या दोन दिवसांत टाळावा. त्यानंतर दुखणार नाही इतपत हात स्वतःच हलवू लागावे. फार दिवस झोळीत ठेवलेले कोपर लवकर आखडते.

चोळणे मात्र पूर्णपणे वर्ज्य. आपल्या घरांत आजी प्रेमाने तेल कोमट करून बसते, ‘रक्त मोकळं होऊ दे’ म्हणत अंगठ्याने दाबते, आणि नेमके येथेच नुकसान होते. कोपरापुढील ब्रेकियालिस स्नायूत साकळलेल्या रक्ताच्या जागी हाड तयार होण्याची प्रवृत्ती असते (मायोसायटिस ऑसिफिकन्स). जोराच्या मालिशीने व दुसऱ्याने ओढून वाकवण्याने ती बळावते. काही आठवड्यांनी कोपर ना पुरते वाकते, ना सरळ होते. आंबेहळद उगाळून लावायचीच असेल, तर बोटाने नुसती पसरावी.

मुलांच्या बाबतीत अंदाजावर विसंबू नये. पाच ते सात वर्षांच्या वयात भुजास्थी (दंडाचे हाड) कोपराच्या जरा वर मोडण्याचे प्रमाण मोठे असते व सुरुवातीला तो मुका मारच वाटतो. हाडवैद्याने घट्ट खपच्या (बांबूच्या पट्ट्या) बांधल्यास रक्तपुरवठा तुटून पंजा कायमचा आखडू शकतो; १८८१ मध्ये फोल्कमान या जर्मन शस्त्रवैद्याने वर्णन केलेली ही अवस्था काही तासांत ओढवते. बोटे थंड वा पांढरी पडली, किंवा ती सरळ करताना मूल किंचाळले, तर पट्टी तिथल्या तिथे सोडावी आणि थेट परळचे के. ई. एम. किंवा जवळचे अस्थिरोग विभाग असलेले रुग्णालय गाठावे.