खाकी कोट, 1897 ची तलवार आणि बाहीवरच्या हुद्द्याचा वाद

ब्रिटिश आर्मीत ऑफिसरला युनिफॉर्म आणि तलवार स्वतःच्या पैशातून घ्यावी लागायची, आज कलेक्शन करणाऱ्यांना जी विविधता मिळते ती त्यामुळेच. टेलर आपापला, त्यामुळे दोन कोट तंतोतंत सारखे सापडत नाहीत, आणि आतल्या खिशात टेलरची चिठ्ठी असते, नशीब असेल तर तिच्यावर मालकाचं नाव आणि तारीखसुद्धा.

तलवारीचं थोडक्यात सांगायचं तर पायदळाच्या ऑफिसरसाठी 1892 ला भोसकायचं सरळ पातं आलं आणि 1897 ला मूठ ठरली, ती आजही परेडला दिसते. पात्यावर राजा एडवर्ड सातव्याची नावाची अक्षरं असतील तर 1901 ते 1910, जॉर्ज पाचव्याची असतील तर त्यानंतरची. ऑगस्ट 1914 मध्ये लढाईवर निघताना तलवारींना धार लावून घेतली होती, म्हणून धार असलेली मला जास्त मोलाची वाटते.

खरा वाद कोटाचा आहे. 1902 च्या खाकी सर्व्हिस ड्रेसवर, म्हणजे कामाच्या आणि लढाईच्या गणवेशावर, हुद्दा बाहीच्या कफवर होता, मुकुट, तारे आणि भोवती वेणीच्या पट्ट्या, लांबूनही ओळखू येईल असा. 1914 ला खंदकांच्या लढाईत शत्रूचे नेमबाज ऑफिसर टिपायला लागले तेव्हा काहींनी हुद्दा खांद्यावर घेतला, त्यांना भित्रे म्हणून हिणवणारे कमी नव्हते, आणि हे मला अन्यायाचं वाटतं कारण गार्ड्सच्या, म्हणजे राजाच्या रक्षक दलाच्या, पलटणी तर आधीपासूनच खांद्यावर लावत होत्या, त्यांना कोणी काही म्हणत नव्हतं. 1920 ला कफवरचा हुद्दा सरळ रद्दच झाला. मग कोट फेकायचा कशाला, पट्ट्या उसवून तोच वापरला, आणि आज कफवर टाक्यांच्या खुणा दिसल्या की बरेच जण तो खराब म्हणून नाकारतात किंवा नव्या पट्ट्या शिवून "मूळचा" करून विकतात. मला विचाराल तर उसवलेला कोटच खरा, त्याच्यावर दोन्ही काळ दिसतात, नवे टाके घातले की ते गेलं.

आपल्याकडे पुणे, देवळालीच्या छावण्यांमुळे अशा वस्तू अधूनमधून निघतात. मात्र 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, पहिल्या महायुद्धाच्या तलवारी आता त्या वयात आल्यात.