लॉन्ड्रीचा ड्रायर, त्याचा डक्ट आणि अग्निशमन दाखला : सांगली-मिरजेत अर्ज करताना

मिरजेच्या दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, मंगल कार्यालयांच्या गाद्यांची कव्हरं हे सगळं पावसाळ्यात दोरीवर वाळत नाही. म्हणून लॉन्ड्रीवाले मोठे ड्रायर घेतात. घेताना मशीनची किंमत, वीज आणि गॅसचा हिशोब होतो. गरम हवा बाहेर कुठून जाणार हा प्रश्न मात्र मशीन दारात उतरल्यावर निघतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण परवानगीचं बरंचसं काम याच प्रश्नावर अडतं.

ड्रायरच्या डक्टसाठी, म्हणजे गरम हवा बाहेर नेणाऱ्या नळीसाठी, स्वतंत्र परवाना नसतो. तो अग्निशमन विभागाच्या ना हरकत दाखल्यातच तपासला जातो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार आगीपासून सुरक्षेची जबाबदारी जागेचा मालक किंवा भोगवटादार यांच्यावर आहे. त्यामुळे भाड्याच्या गाळ्यात लॉन्ड्री असली तरी ‘ते मालकाचं काम’ असं म्हणून सुटका होत नाही.

अर्ज कुठे आणि कोणी करायचा

गाळा सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेच्या हद्दीत असेल तर महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे. एमआयडीसीच्या भूखंडावर असेल तर एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे. जागेचा मंजूर वापर व्यापारी किंवा औद्योगिक असायला हवा. राहत्या इमारतीच्या पार्किंगमध्ये किंवा तळघरात ड्रायर लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळती झाली की ती तळघरात साचून राहते.

कागदपत्रं बहुतेक नेहमीचीच लागतात : आधार, पॅन, भाडेकरार किंवा मालकीचा पुरावा, चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, मंजूर बांधकाम नकाशा, दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद, उद्यम नोंदणी, महावितरणचा मंजूर वीजभार. गाळा सोसायटीत असेल तर सोसायटीचं संमतिपत्र घ्या. त्यात डक्ट कोणत्या भिंतीतून बाहेर पडणार हे स्पष्ट लिहून घ्या, म्हणजे पुढे वरच्या मजल्यावरच्यांशी वाद होत नाही.

नकाशात डक्ट काढून द्या

अर्जासोबत ड्रायरचं इन्स्टॉलेशन मॅन्युअल आणि डक्टचा साधा आराखडा जोडा. कोणी मागितला नाही तरी जोडा. कपड्यातून सुटणारी लव, म्हणजे लिंट, कोरडी आणि भुसभुशीत असते. एका ठिणगीने ती पेटते आणि डक्टमधला पंखा ती आग पुढे ओढत नेतो. डक्ट लांब आणि वळणावळणाचा असेल तर हवेचा वेग मंदावतो, लिंट वळणात बसते, ड्रायर जास्त तापतो आणि कपडे वाळायलाही जास्त वेळ लागतो.

आराखड्यात डक्ट धातूचा आणि आतून गुळगुळीत दाखवा. प्लास्टिकचा किंवा फॉइलचा घडीचा पाइप इथे चालत नाही. सांध्यांत आत टोकं येतील असे स्क्रू नकोत, त्यांना लिंट अडकते. बाहेरच्या तोंडाला जाळी लावू नका. पक्षी येतील म्हणून अनेकजण लावतात, पण काही दिवसांत लिंटने ती बुजते. त्याऐवजी हवेच्या दाबाने उघडणारी झडप बसवा. सफाईसाठी उघडता येणारी झाकणं कुठे आहेत ते खुणेने दाखवा. डक्ट किती लांब आणि किती वळणांचा चालेल हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडू नका. डक्टचं तोंड इमारतीच्या शाफ्टमध्ये, माळ्यावर किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर काढू नका.

जितकी हवा बाहेर जाते तितकी आत आली पाहिजे, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एसीसाठी गाळा बंद करून घेतला आणि ताजी हवा यायला झरोका ठेवला नाही, तर गॅसच्या ड्रायरचा धूर उलटा आत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, त्यामुळे आत काम करणाऱ्या बायका-माणसांना धोका कळतही नाही. तो झरोका आराखड्यात हवाच.

गॅस, बॉयलर, सांडपाणी

एका वेळी 100 किलोपर्यंत एलपीजी साठवायला पेसोचा (केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) परवाना लागत नाही. व्यापारी सिलिंडर 19 किलोचा, म्हणजे पाच सिलिंडर बसतात. सहावा आला की मर्यादा ओलांडली, मग तो रिकामा होईपर्यंत वाट बघू असं चालत नाही. कृष्णेच्या पुराचं पाणी शिरतं अशा भागात सिलिंडर उंच चौथऱ्यावर, साखळीने बांधून ठेवा. 2019 चा पूर सांगलीकर विसरलेले नाहीत. वाफेवरचा ड्रायर असेल आणि बॉयलर 25 लिटरपेक्षा मोठा असेल तर बाष्पके संचालनालयाकडे नोंदणीची चौकशी करा. सांडपाणी आणि धुरासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीची चौकशी मशीन आणण्याआधी करा.

दाखला मिळाल्यावर

अग्निशमन यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडूनच बसवून घ्या आणि तिच्याकडून नमुना ‘अ’, म्हणजे यंत्रणा नियमाप्रमाणे बसवल्याचं प्रमाणपत्र, घ्या. त्यानंतर दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा नमुना ‘ब’ विभागाकडे द्यावा लागतो. ड्रायरच्या आतली लिंटची जाळी प्रत्येक फेरीनंतर आणि डक्ट ठरलेल्या दिवशी साफ करा, आणि तारखा वहीत लिहा. पुढच्या तपासणीला हीच वही सर्वात जास्त उपयोगी पडते. मसाजच्या तेलाचे टॉवेल आणि स्वयंपाकघरातली तेलकट फडकी ड्रायरमधून काढून गरम गरम ढीग करू नका. तेल राहून गेलेला कपडा ढिगात आपोआप तापून पेटू शकतो. मशीनची शेवटची थंड हवेची फेरी पूर्ण होऊ द्या.

अर्ज दिल्यावर पोचपावती नक्की घ्या. दाखला देण्याची सेवा अधिसूचित, म्हणजे ठरलेल्या मुदतीत द्यायची म्हणून जाहीर केलेली, असेल आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय झाला नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अपील करता येतं आणि तेव्हा ही पावतीच लागते.